खलाशाची आई

इंग्रजीचा मास्तर निवृत्त झाला की गावातले लोक त्याच्याकडं दोन कामांसाठी येतात. विम्याचा कागद वाचून घ्यायला, नाहीतर परदेशी निघालेल्या पोराचा अर्ज तपासून घ्यायला. मी दोन्ही कामं आनंदानं करतो. परवा असाच एक अर्ज घेऊन आलेले गृहस्थ जाता जाता दारात थबकले आणि म्हणाले, "सर, कॉलेजात ती बोटीची गोष्ट तुमीच सांगायचे ना? का ते नरसीकर सर?" मी म्हणालो, "नरसीकर." ते गेले, आणि इतक्या वर्षांनी माझ्या छातीत पुन्हा तेच जुनं काहीतरी खुपलं. नोकरीतल्या आठवणी लिहा म्हणून एका दिवाळी अंकाचे संपादक मागं लागलेच होते. तर हीच लिहितो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. आमचं कॉलेज नवंनवं निघालेलं, इमारत नव्हती, म्हणून कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात वर्ग भरायचे. एका लांबलचक गोदामाचे फळ्यांच्या आडभिंती घालून चार वर्ग केलेले. त्या आडभिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या. वरून मोकळ्या. त्यामुळं शेजारच्या वर्गात मास्तर खोकला तरी आमच्या पोरांना कळायचं. ही मोकळी जागा लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्या जागेतूनच माझ्याकडं आली.

मी इंग्रजीचा. गाव कुरुंदा. आमच्या घरात सातबारा नव्हता. बाबा दुसऱ्याच्या हळदीत राबायचे, हंगामात हळद शिजवायच्या कढईपुढं उभे राहून त्यांचे हात कायमचे पिवळे झालेले. बौद्ध झाल्यावर बाबांनी दोनच गोष्टींचा ध्यास घेतला. पोरानं शिकायचं आणि इंग्रजी शिकायचं. "जमीन ह्याची, विहीर त्याची," ते म्हणायचे, "इंग्रजी तेवढी इथं कुणाच्या बापाची न्हाई. ती घे." मी औरंगाबादला वसतिगृहात राहून ती घेतली. एम.ए. झालो आणि हिंगोलीला लागलो. माझी एकुलती एक मिळकत म्हणजे ती भाषा, हे समजल्याशिवाय पुढचं माझं वागणं तुम्हाला समजायचं नाही.

लोकांना वाटतं इंग्रजी शिकवणं म्हणजे वर्गात इंग्रजी बोलणं. तसं केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात वर्ग रिकामा झाला असता. पोरं सेनगाव, औंढा, वसमतच्या खेड्यांतली. एबीसीडी पाचवीत पाहिलेली, त्यानंतर ती पुस्तकात आणि पोरं शेतात. आमची पद्धत ठरलेली होती. आधी ओळ मोठ्यानं वाचायची. मग एकेका शब्दाला मराठी शब्द द्यायचा. मग ते शब्द मराठी वाक्यासारखे लावून दाखवायचे. मग सारांश. आणि शेवटी परीक्षेला येणारं 'संदर्भासह स्पष्टीकरण' सावकाश सांगून उतरवून द्यायचं. एवढं सगळं झालं की कविता पार उन्हात वाळत घातलेल्या मिरचीसारखी होते. पण पोरं पास होतात.

त्या वर्षी अभ्यासक्रमाला एक दीर्घ कविता होती. तेव्हाच दीडशे-पावणेदोनशे वर्षं जुनी, त्या काळच्या स्वप्नाळू इंग्रज कवींच्या पठडीतली. एक खलाशी भर समुद्रात काही कारण नसताना एका मुक्या जिवाला मारतो. जहाजाला शाप लागतो. वारा पडतो, पाणी संपतं, सोबती एकामागून एक मरतात. तो एकटा वाचतो, बंदराला लागतो आणि पुढं जन्मभर ती हकिकत सांगत हिंडतो. ही कविता मला वसतिगृहात भेटली होती आणि मी तिच्या प्रेमात पडलो होतो. ती माझ्या वाट्याला आली तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

अडचण एकच होती. वर्गात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. मीही नव्हता! मी पोरांना सिद्धेश्वर धरणावर घेऊन गेलो. म्हणालो, "पलीकडचा काठ दिसेनासा होईपर्यंत हे पाणी वाढवा. मनातल्या मनात." पोरांनी डोळे मिटून पाणी वाढवलं. पुसेगावची कौसल्या म्हणून एक हुशार पोरगी होती, हिंगोलीत मामाकडं राहून शिकायची. ती म्हणाली, "सर, वाढलं. पण ह्यातलं पिता येत न्हाई, असंच ना?" "असंच." "मंग कळली कविता. दोन साल आमी दुष्काळी कामावर खडी फोडताना तेच पाहून राहिलो." मला फार आनंद झाला. आपण शिकवलेलं पोचलं, असं मास्तरला नोकरीत फार थोड्या वेळा वाटतं.

आता नरसीकर सर. ते मराठी शिकवायचे. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, अंगानं आडवे, डोक्यावर काळी टोपी. मूळचे नरसी नामदेवचे. घरात देवळाची सेवा. कळत्या वयापासून कीर्तनात टाळ घेऊन उभे राहिलेले, त्यामुळं आवाज कमावलेला आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची सवय. कॉलेजच्या फाटकासमोर एक चहाचं हॉटेल होतं. तिथं एकदा त्यांनी विचारलं, "खंदारे, वर्गात काय वाचून राहिलात एवढं रंगून?" मी त्यांना खलाशाची गोष्ट सांगितली. कपातला चहा संपेपर्यंत सांगून झाली. ते नुसते 'हं' म्हणाले.

नंतर काही दिवसांनी मी वर्गात स्पष्टीकरण उतरवून देत होतो. आडभिंतीवरून नरसीकरांचा आवाज आला. "...अन्‌ वारा पडला. असा पडला, की शिडाचं कापड बाईच्या ओल्या लुगड्यासारखं डोलकाठीला चिकटून बसलं."

माझ्या हातातला खडू थांबला. माझ्या पोरांच्या लेखण्या थांबल्या. पलीकडं मराठीचा तास चालला होता. कथनाची शैली की काय असला धडा असावा आणि त्यासाठी त्यांनी उदाहरण म्हणून माझं जहाज नेलं होतं. मी पुढं सांगायला लागलो तर एक पोरगं हळूच म्हणालं, "सर, जरासं थांबता का? ऐकू द्या." आणि मी थांबलो. दुसरं काय करणार?

खलाशी एकटा परत आला इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच नरसीकर म्हणाले:

"बंदरावर बाया उभ्या व्हत्या. ज्यांची ज्यांची लेकरं त्या जहाजावर गेली व्हती, त्या समद्या. रोज यायच्या. त्यात ह्याची आईबी व्हती. जहाज लागलं. उतरला तो एकटा. आईनं पाहिलं, एक पाऊल टाकलं, अन्‌ थांबली. काहून थांबली? तिच्या डाव्या अंगाला एक आई, उजव्या अंगाला एक आई. त्यांची लेकरं आली न्हाईत. त्यांच्या देखत आपलं लेकरू पोटाशी कसं धरावं? तिनं पदर तोंडाला लावला अन्‌ पाठ फिरवली. अन्‌ पोराला वाटलं, मायनंबी टाकलं मला."

कौसल्यानं डोळे पुसले. माझेही भरून आले होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पण लगेच दुसरं काहीतरी उसळलं आणि ते रडण्यापेक्षा मोठं होतं. कवितेत आई नाही. एका ओळीतही नाही. ह्या माणसानं ती कविता वाचलेलीही नाही, माझ्याकडून एका कपभर चहात ऐकली, आणि तिच्यात अशी एक बाई आणून उभी केली की ती सुचावी म्हणून मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

मी त्यांना हॉटेलात गाठलं. "सर, ती आई कुठून आणली?"

"कोणती?"

"खलाशाची. कवितेत आई नाही."

त्यांना खरोखर नवल वाटलं. "न्हाई? मंग तो वापस कुणाकडं आला?"

"बंदरावर आला. पुढं गोष्ट सांगत हिंडतो. संपलं."

"मंग अधुरं ठेवलं त्यानं."

"सर, ती माझी कविता आहे. मला ती वर्गात शिकवायची आहे."

नरसीकर मोठ्यानं हसले. "तुमची? तुमच्या वडलांनी लिवली का, खंदारे?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण इंग्रजी कुणाच्या बापाची नाही म्हणून जी मी घेतली, तिच्यावर कुणीतरी हसत हसत हात ठेवला होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

पुढचे काही महिने वाईट गेले. नरसीकरांच्या तासाला कॉमर्सची पोरं येऊन बसायला लागली. बोटीचं आख्यान गावोगावी पोचलं. गणपतीत, गावच्या जत्रेत, शाळेच्या कार्यक्रमात त्यांना बोलावणी यायची. मी मुद्दाम चौकशी करायचो नाही आणि तरी मला सगळं माहीत असायचं. आज कोणत्या गावी गेले, किती लोक होते, कोण रडलं. हेवा वाटणाऱ्या माणसाइतकी पक्की खबर दुसऱ्या कुणाकडं नसते. वर्गात मी कविता अजून काटेकोर शिकवायला लागलो. एकेका शब्दाचे तीन-तीन अर्थ देऊ लागलो. पोरं जांभया देऊ लागली.

पण खरा घाव कुरुंद्याला बसला. सुटीत घरी गेलो तर बाबा ओट्यावर बसलेले. म्हणाले, "तुमच्या कॉलेजातले नरसीकर मास्तर आले व्हते रे इथं. शाळेच्या पटांगणात गोष्ट सांगितली. मला म्होरं बसवलं त्यांनी, खंदारे सरांचे वडील म्हणून. काय गोष्ट! तुझी माय रडली."

बाबांचं तरुणपण कीर्तनं भिंतीबाहेरून ऐकण्यात गेलेलं. त्यांना कुणी पुढं बसवलं ह्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, "बाबा, ती गोष्ट मी सांगितली त्यांना. माझ्या पुस्तकातली आहे."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. "तुझ्या पुस्तकातली? मंग तू काहून न्हाई सांगितली आमाला कधी?"

मला कधी सुचलंच नव्हतं की ती कविता घरी सांगता येते.

सहामाही परीक्षा झाली. प्रश्न साधा होता: खलाशाच्या परतीचं वर्णन करा. जवळजवळ सगळ्या पोरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आई लिहिली. पदर लिहिला. पदराला इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून कुणी साडी लिहिलं, कुणी टॉवेल लिहिलं. मी लाल शाईनं आई खोडत गेलो. एकेका पेपरातून तिला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "कवितेत आई नाही. पुन्हा कुणी लिहिली तर शून्य."

कौसल्या उभी राहिली. "सर, पुस्तकात न्हाई म्हणून ती नव्हतीच का?"

"कवीनं लिहिली नाही, म्हणजे नाही."

"मंग तो खलाशी काय दगडातून निघाला, सर?"

वर्ग हसला. मी तिला खाली बस म्हणालो. आडभिंतीपलीकडं त्या वेळी नरसीकर फळा पुसत होते. डस्टरचा आवाज येत होता. त्यांनी ऐकलं असणार.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाची समिती यायची होती. कॉलेजची मान्यता पुढं चालू ठेवायची का, शिक्षक कामाचे आहेत का, हे बघायला अशी समिती येते. वर्गात मागं बसते, पोरांना प्रश्न विचारते, प्राचार्यांच्या खोलीत फराळ करते आणि शेरा लिहून जाते. माझी नेमणूक अजून कच्ची होती. शेरा चांगला आला तर पक्की. घरी बायको, लहान मुलगी, कुरुंद्याला आईबाप. मी पंधरवडाभर पोरांची तयारी करून घेतली.

समितीत एक इंग्रजीचे ज्येष्ठ प्राध्यापक होते. काळा कोट, जाड चष्मा. माझा तास संपत आल्यावर ते उठले आणि एका पोराला सोप्या इंग्रजीत विचारलं, खलाशाला परत आल्यावर कोण भेटतं? पोरगं घाबरलं. तोंडातून एकच शब्द निघाला: "मदर."

प्राध्यापकांनी दुसऱ्याला विचारलं. त्यानं मान हलवली. मदर. तिसऱ्यानं पाठ फिरवल्याचंही सांगितलं. प्राध्यापक माझ्याकडं वळून सौम्यपणे म्हणाले, "ही कोणती आवृत्ती शिकवता, मिस्टर खंदारे?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. सगळी मिळकत त्या एका वाक्यात गेली, असं वाटलं. समिती बाहेर पडली. मी रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसलो आणि नरसीकरांना मनातल्या मनात जितकं वाईट बोलता येईल तितकं बोललो.

थोड्या वेळानं शिपाई आला. प्राचार्यांनी बोलावलं होतं. मी खोलीत शिरलो तर समितीचे लोक टेबलाभोवती, आणि समोर नरसीकर टोपी हातात घेऊन उभे. ते स्वतःहून आले होते. माझ्याकडं न बघता बोलत होते.

"ती आई माझी हाय, साहेब. ह्यांची न्हाई. ह्यांनी तर ती शंभर येळा खोडली, आडभिंतीपलीकडून मी ऐकलं. पोरांच्या डोक्यात मी घातली."

प्राध्यापक म्हणाले, "पण तुम्ही मूळ कविता वाचली तेव्हा..."

"मी वाचलेली न्हाई. मला इंग्रजी वाचता येत न्हाई. आमचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूत. मॅट्रिकला अन्‌ पुढं बी.ए.ला इंग्रजीत पाठ करून कसातरी काठावर सुटलो, तवापासून पुस्तक हातात धरलं न्हाई."

नरसीकर मराठीचे असले तरी कॉलेजचे प्राध्यापक. समोर प्राचार्य, विद्यापीठाची माणसं. असं वाक्य तोंडातून काढायला काय लागतं, हे मला ठाऊक होतं. मी काढलं नसतं. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "काय आहे ती तुमची आई? सांगा बघू."

नरसीकरांनी सांगितली. उभ्या उभ्या, हातवारे न करता, हळू आवाजात. समितीच्या कपांतला चहा तसाच राहिला. शेवटी काळ्या कोटाच्या गृहस्थांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मला म्हणाले, "खंदारे, तुमचं शिकवणं व्यवस्थित आहे. ह्यांच्या शेजारी वर्ग असणं ही तुमची अडचण आहे." सगळे हसले.

माझी नेमणूक पक्की झाली. नरसीकरांनी माझी नोकरी वाचवली. आणि ज्या गोष्टीनं ती जात होती, तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगून वाचवली! त्या दिवशी घरी जाताना मला त्यांचे पायही धरावेसे वाटत होते आणि त्यांचं तोंडही बघू नये असं वाटत होतं. बायको म्हणाली, "पक्के झालात ना? मग चेहरा असा काय?"

आठवडाभरानं नरसीकर स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. "खंदारे, एक तकलीफ देऊ का? ती कविता मला वाचून दाखवा. मूळ. ओळ न ओळ."

आम्ही रविवारी दुपारी त्यांच्या घरी बसायचो. अंगणात बाज टाकलेली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाण्याचे लाडू आणून ठेवायच्या. मी ओळ वाचायचो, अर्थ सांगायचो. ते ती ओळ पुन्हा वाचायला लावायचे, नुसती ऐकायला. एके दिवशी म्हणाले, "तुमी वर्गात हे मोठ्यानं वाचता ना, तवा मी पलीकडं फळा पुसायचं निमित्त करून उभा राहायचो. समजायचं काहीच न्हाई. पण चाल कळायची. लई हेवा वाटायचा मला तुमचा."

मी पुस्तकातून मान वर केली. एवढे महिने मी जे पोटात घेऊन फिरत होतो, ते त्यांच्याही पोटात होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. आणि लगेच मनात आलं, हेवा वाटतो हेसुद्धा हा माणूस किती सरळ सांगून टाकतो! माझ्या तोंडून हे जन्मात निघालं नसतं.

संक्रांतीनंतर कविता संपली. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. नरसीकर बाजेवर मांडी घालून बसले होते. म्हणाले, "खरंच आई न्हाई."

"नाही."

"बराबर केलं त्यानं."

मला वाटलं होतं ते 'अधुरं' म्हणतील. मी विचारलं, "बराबर कसं?"

"आई आणली की ऐकणाऱ्याला रडायला जागा होती. रडलं की माणूस मोकळा होऊन घरी जातो. ह्यानं ती जागाच ठेवली न्हाई. ऐकणाऱ्यानं ते घेऊनच घरी जायचं." मग म्हणाले, "मी सोपं करून टाकलं व्हतं, खंदारे."

हे मी इतकी वर्षं ती कविता वाचून कधी म्हटलं नव्हतं. पुढं सबंध नोकरीत ही कविता जेव्हा जेव्हा अभ्यासक्रमाला आली, तेव्हा मी हेच वाक्य वर्गात सांगितलं, नरसीकरांचं नाव घेऊन.

त्या वर्षीचं स्नेहसंमेलन जिनिंगच्या मोकळ्या आवारात दुपारी झालं. पालकही आले होते. गाणी झाली, नकला झाल्या आणि पोरं ओरडायला लागली, "बोटीची गोष्ट! नरसीकर सर!" नरसीकर मंचावर गेले. म्हणाले, "ती गोष्ट खंदारे सरांची. मी अर्धी ऐकून सांगत व्हतो. आज पुरी ऐका." आणि मला हात करून बोलावलं.

मी पाय ओढत मंचावर गेलो. समोर तीन-चारशे माणसं, सगळी आईची वाट बघत बसलेली. मी सुरू केलं. समुद्र, सफर, तो मुका जीव. माझा आवाज मलाच कागद वाचल्यासारखा लागत होता. वारा पडला इथपर्यंत आलो तेव्हा मागची माणसं उठायला लागली होती; बाजूला चहाचा बंब पेटला होता, तिकडं गर्दी होऊ लागली. मी घाई करायला लागलो. लवकर संपवावं आणि उतरावं.

तेवढ्यात माझी नजर पुढं गेली. नरसीकर खुर्ची सोडून पहिल्या रांगेत पोरांमध्ये सतरंजीवर बसले होते. हनुवटी वर, तोंड किंचित उघडं, डोळे माझ्यावर. ही गोष्ट त्यांनी पंचक्रोशीत सांगितली होती, मूळ ओळींसकट ऐकली होती. तरी असे बसले होते, जणू तो खलाशी पुढं जगतो की मरतो हे त्यांना आत्ता कळणार आहे.

मी घाई सोडली. बाकीची माणसं सोडली. मी ती गोष्ट त्यांना सांगायला लागलो. सोबती मेले, त्यांनी डोळे मिटले. तहान लागली, त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. खलाशी बंदराला लागला, उतरला आणि तिथं कुणीही नव्हतं. मी तिथं थांबलो. मग म्हणालो, "आणि तो अजून सांगत हिंडतो आहे." आणि उतरलो. टाळ्या थोड्या वाजल्या. कुणी रडलं नाही. पुढची दोन-चार पोरं मात्र उठायचं विसरून तशीच बसली होती.

नरसीकर सतरंजीवरून उठले, धोतर झटकलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "आज कळली," ते म्हणाले.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी ते खरं बोलले, की माझ्यासाठी तेवढं रंगवून सांगितलं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. खरं असेल तर ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. आणि रंगवून सांगितलं असेल, तर इतकं चांगलं मला अजूनही सांगता येत नाही.